गड घरी आणणारे अप्पा

(गो. नी. दांडेकर यांच्या जयंतीनिमित्त कुटुंब मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



घरातील कर्त्या पुरुषाचे स्मरण करायचे म्हटले की आपल्याकडे त्याची मोजदाद ठरलेली असते. घर कोणी बांधले, शेत कोणी सोडवून घेतले, बहिणींची लग्ने कोणी पार पाडली, मुलांना कोणी शिकविले. ही मोजदाद चुकीची नाही. एकेका पिढीने पोटाला चिमटा घेऊन हे सारे केले म्हणून आज आपण येथे निश्चिंतपणे बसलो आहोत. परंतु ज्या पुरुषाचे स्मरण करण्यासाठी आजची सभा आहे, त्याला ही मापे लावू गेले तर हाती फारसे काही लागत नाही. गोपाळ नीलकंठ दांडेकर हे घरातून पळून गेलेले गृहस्थ होते. वय वर्षे तेरा, इयत्ता सातवी. पुढे याच माणसाभोवती एक असे कुटुंब उभे राहिले की ज्याच्या तीन पिढ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. मराठी वाचकांचे ते गोनीदा, घरच्यांचे अप्पा. घर सोडलेल्या मुलाचा असा कुटुंबप्रमुख झाला कसा, एवढाच आजचा विषय आहे.

अप्पांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी वऱ्हाडातील परतवाडा येथे झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले हे गाव. तेथून मेळघाटचे डोंगर हाकेच्या अंतरावर. डोंगराची ओढ जन्मगावानेच लावली असावी, असे म्हणण्यास वाव आहे. पण घर सुटले ते डोंगरासाठी नव्हे. देशात स्वातंत्र्यलढ्याचे वारे वाहत होते आणि त्या हाकेसरशी हा मुलगा बाहेर पडला. आज आपल्या घरातील तेरा वर्षांचा मुलगा शिकवणीहून अर्धा तास उशिरा आला तरी आपण दहा ठिकाणी दूरध्वनी करतो. त्या काळी परतवाड्याच्या घरात काय झाले असेल, आईने किती दिवस उंबऱ्याकडे डोळे लावले असतील, याचा विचार थोर पुरुषांच्या चरित्रांत सहसा येत नाही. तो यायला हवा. देशासाठी घर सोडणाऱ्याची किंमत घरही मोजत असते. संघाच्या कार्यकर्त्यांच्या कुटुंबांना हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

घर सुटल्यावर त्या मुलाला दिशा मिळाली ती गाडगे महाराजांच्या सहवासात. बाबा अमरावती जिल्ह्यातीलच, शेणगावचे. त्यांची रीत सर्वांना ठाऊक आहे. गावात पाऊल टाकले की आधी हातात खराटा. दिवसभर गाव झाडायचे, गटारे उपसायची आणि रात्री कीर्तन. आधी श्रम आणि मग शब्द, असा तो क्रम होता. शब्दांनी श्रमाची जागा घ्यायची नाही. बाबांचा संदेश घेऊन गोपाळ गावोगाव हिंडला. पुढे आयुष्यभर या माणसाने ज्या कष्टांनी लेखन केले, त्याचे मूळ येथे आहे. जे पायांनी पाहिले नाही, ते हातांनी लिहायचे नाही, हा त्यांचा बाणा त्या खराट्याच्याच शाळेतला. बाबांवर त्यांनी ‘देवकीनंदन गोपाळा’ ही कादंबरी लिहिली, ती या ऋणाची परतफेड म्हणावी लागेल.

त्यानंतर वेदान्ताचे अध्ययन झाले, आणि नर्मदेची परिक्रमा झाली. परिक्रमा हा शब्द आता मोटारीतून फिरणाऱ्या मंडळींनी स्वस्त करून टाकला आहे. पायी परिक्रमा म्हणजे अमरकंटकापासून भडोचजवळच्या सागरसंगमापर्यंत आणि परत, दोन्ही तीरांनी. नदीची लांबी १३१२ किलोमीटर. तेव्हा दोन्ही तीर मिळून अडीच हजार किलोमीटरांच्या वरच चालणे झाले. मैया सतत उजव्या हाताला ठेवायची, तिचे पात्र ओलांडायचे नाही, आणि भिक्षेत जे मिळेल ते खायचे. शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासीयाच्या अंगावरचे वस्त्रही उतरवून घेतले जाई, अशी त्या मार्गाची ख्याती होती. म्हणजे निघताना जे थोडे सोबत आहे तेही उरेल याची शाश्वती नाही. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या कादंबरीमागे हे चालणे उभे आहे. त्या शीर्षकातील ‘कुणा एकाची’ हे शब्द लक्षात घ्यावेत. एवढे चालून आलेल्या माणसाने स्वतःचे नाव मागे ठेवले आहे.

मग औंध. वेदमूर्ती पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्याकडे संपादनात साहाय्य करण्याचे काम मिळाले. सूर्यनमस्काराचा घरोघर प्रसार करणाऱ्या पंतप्रतिनिधींचे ते औंध. एकीकडे वेदांचे भाष्य आणि दुसरीकडे रोजचा व्यायाम, हे वातावरण या तरुणाला मानवले नसते तरच नवल. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यही त्यांनी या भ्रमंतीच्या काळात केले. आपल्यापैकी काहींना हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटेल. पण अप्पांना एखाद्या चौकटीत बसवून आपलेसे करण्याची घाई करू नये. ते कोणत्याही एका मठात, संस्थेत वा पंथात मुक्कामाला राहिले नाहीत. ज्याच्याकडून जे घ्यावयाचे ते घेतले आणि चालू लागले. या साऱ्या वर्षांची कहाणी त्यांनी ‘स्मरणगाथा’ या ग्रंथात सांगितली. १९७६ मध्ये त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

येथवरचा भाग हा भटक्याचा. कुटुंबप्रमुखाचा भाग यापुढे सुरू होतो, आणि तोच अधिक अवघड आहे.

१९४७ मध्ये त्यांनी पूर्णवेळ लेखन करण्याचा निश्चय केला. पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथे संसार मांडला. मराठीत लेखणीवर संसार चालवणे म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. हजारभर प्रतींची आवृत्ती निघायची, ती संपायला वर्षे लागायची. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेली रक्कम घरात येईल अशी कोणतीही सोय नाही. तेव्हा लिहीत राहणे हाच उपाय. कादंबऱ्या, संतचरित्रे, इतिहासकथा, मुलांसाठीची पुस्तके, प्रवासवर्णने असे चौफेर लेखन अप्पांनी केले. त्यात काही थोडे पोटासाठी झाले असेलही. त्यात कमीपणा कसला? शेतकरी ज्वारीबरोबर थोडी भाजीही लावतो. महत्त्वाचे हे की कष्टाने थकून या माणसाने चालणे सोडले नाही, आणि चालण्याच्या नादात कष्टही सोडले नाहीत. सहसा या दोहोंपैकी एक सुटते.

आणि हे दोन्ही साधले त्याचे श्रेय केवळ अप्पांचे नव्हे. भटक्या माणसाचा संसार उभा राहतो तो घरी थांबणाऱ्या व्यक्तीच्या बळावर. अप्पा आठ-आठ दिवस एखाद्या गडावर असताना तळेगावच्या घरातील चूल कोणी पेटती ठेवली, दारी आलेल्या वाचकांचे आणि सोबत्यांचे आतिथ्य कोणी केले, याचे उत्तर एकच. साहित्याच्या इतिहासात त्या माउलीला स्वतंत्र प्रकरण नाही. या मेळाव्यात माताभगिनी मोठ्या संख्येने उपस्थित आहेत, त्यांना हा अनुभव परका नसेल.

तळेगावची निवडही पाहण्यासारखी आहे. गाव लोहमार्गावर, म्हणजे पुण्या-मुंबईचे प्रकाशक जवळ. आणि भोवताली मावळ. इंद्रायणीच्या पलीकडे तुकोबांचा भंडारा डोंगर, पश्चिमेला लोहगड, विसापूर, पवनेच्या खोऱ्यात तुंग आणि तिकोना, घाटमाथ्यावर राजमाची. ज्याला दुर्ग पाहावयाचे आहेत त्याने याहून चांगली जागा कोठे शोधावी! अप्पा या गडांवर पुनःपुन्हा गेले. आज राजगडाच्या पायथ्यापर्यंत गाडी जाते, रायगडावर १९९६ पासून दोरवाट आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ही सोय नव्हती. एसटी सोडील तेथून मैलोगणती चालायचे, वाडीवरच्या कोणाला तरी वाट विचारायची, रात्री देवळात पथारी टाकायची. गडावर पाणी कोणत्या टाक्यातले प्यावे, कोणत्या वाटेने पावसाळ्यात जाऊ नये, हे सांगणारी पुस्तकेही त्या काळी फार नव्हती. ती पुढे अप्पांनीच लिहिली. ‘दुर्गदर्शन’, ‘दुर्गभ्रमणगाथा’ ही पुस्तके पाठीवरच्या पिशवीत टाकून महाराष्ट्रातील तरुणांच्या दोन पिढ्या सह्याद्रीत हिंडल्या. छायाचित्रण यंत्र गळ्यात अडकवून त्यांनी गडांची छायाचित्रेही घेतली. पडझड होत चाललेल्या वास्तूंची ती नोंद आज फार मोलाची ठरली आहे.

सर्व गडांत त्यांचा जीव राजगडावर विशेष जडलेला. याचे कारण शोधू गेल्यास एक गोष्ट ध्यानात येते. रायगड हे सिंहासनाचे ठिकाण, प्रतापगड पराक्रमाचे, पन्हाळा संकटाचे. राजगड हे मात्र शिवछत्रपतींचे घर होते. कारकीर्दीची सुमारे पंचवीस वर्षे महाराजांचे बिऱ्हाड तेथे होते. १६५९ मध्ये, अफझलखान स्वराज्यावर चालून आलेला असताना, सईबाई राणीसाहेब तेथेच निवर्तल्या. १६६६ मध्ये आग्र्याहून निसटलेले महाराज जिजाऊंसमोर येऊन उभे राहिले ते राजगडावर. १६७० मध्ये राजाराम महाराजांचा जन्म तेथलाच. पद्मावती माचीवर देवीच्या मंदिरात रात्र काढली, पहाटे सुवेळा माचीवरून सूर्य वर येताना पाहिला आणि मग बालेकिल्ल्याची ती छातीवरची चढण चढून वर गेले, की हे सारे संसाराचे सुखदुःख तेथे घडले हे पटते. घर सोडून आलेल्या माणसाला इतिहासातले हे घर इतके प्रिय व्हावे, यात काही अर्थ असावा. निदान तसे मानण्याचा मोह आवरत नाही.

गडाकडे घर म्हणून पाहण्याची ही दृष्टी त्यांच्या कादंबऱ्यांतही आहे. ‘पवनाकाठचा धोंडी’ आठवावी. तुंगाच्या परिसरात राहणारा, वाडवडिलांकडून चालत आलेली गडाची हवालदारी उराशी धरून बसलेला धोंडी. राज्य गेले, गडावर शिबंदी नाही, तरी कुळाची जबाबदारी संपली असे त्याला वाटत नाही. ‘माचीवरला बुधा’ मधील बुधा मुंबईत आयुष्य काढून अखेर राजमाचीच्या कुशीत परततो. झाडे आणि पाखरे हेच त्याचे गणगोत होते. ‘पडघवली’ मध्ये तर कोकणातील एक भरलेले गाव घराघरांतून रिकामे होत जाते, आणि ती कहाणी घरातल्या बाईच्या तोंडून येते. या पुस्तकांतील माणसे मोठी नाहीत. मावळे, कुणबी, ठाकर, खोत, धनगर. त्यांच्या बोली अप्पांनी त्यांच्याच ओसरीवर बसून कानांत साठवल्या होत्या. आणि ज्या वऱ्हाडातून हा मुलगा पळाला होता, त्या वऱ्हाडच्या बोलीत त्यांनी ‘पूर्णामायची लेकरं’ लिहिली. म्हणजे परतवाड्याची वाट त्यांनी पुसून टाकली नव्हती. पायांनी सोडलेल्या मुलखाकडे ते लेखणीने परत गेले. १९८१ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अकोल्याला भरले आणि त्याचे अध्यक्षपद अप्पांकडे आले. सातवीतून शाळा सोडलेला वऱ्हाडचा मुलगा वऱ्हाडातच, साऱ्या मराठी सारस्वतांसमोर अध्यक्ष म्हणून उभा राहिला. त्या दिवशी व्यासपीठावर चढताना त्यांच्या मनात परतवाड्याचे घर आले नसेल काय?

आता घरच्या मुलांकडे वळू. ज्याने स्वतः तेराव्या वर्षी घर सोडले, त्याने आपल्या लेकीला कसे वाढवले? दोन शक्यता होत्या. आपण भोगले ते मुलांनी भोगू नये म्हणून त्यांना उंबऱ्याआड जपायचे, ही एक. आपल्या समाजातील बहुतेक कर्तबगार वडील हेच करतात, आणि त्यांच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अप्पांनी दुसरी वाट धरली. ते लेकीला सोबत घेऊन गडावर गेले. मुलीच्या जातीने डोंगर चढायचे, उघड्यावर मुक्काम करायचा, ही गोष्ट तेव्हाच्या मध्यमवर्गीय घरांत सहज मान्य होणारी नव्हती. ती लेक म्हणजे डॉ. वीणा देव. पुढे पुण्यात त्यांनी मराठीचे अध्यापन केले, ‘आशक मस्त फकीर’ हे वडिलांचे चरित्र लिहिले. जामात डॉ. विजय देव राज्यशास्त्राचे प्राध्यापक, तेही दुर्गांच्या या वेडात सामील झाले. नात मृणाल हिने आजोबांचे बोट धरून गडांच्या पायऱ्या चढल्या. मृणाल कुलकर्णी यांना पडद्यावर जिजाऊंच्या भूमिकेत अनेकांनी पाहिले असेल, ‘फत्तेशिकस्त’ मध्ये किंवा ‘पावनखिंड’ मध्ये. नऊवारी नेसून कोणीही उभे राहू शकते. मात्र गडाच्या तटावर ज्याचे लहानपण गेले आहे त्याचे उभे राहणे निराळे दिसते.

दुसरा संस्कार वाचनाचा. अप्पांच्या कादंबऱ्यांचे घरच्यांनी मिळून लोकांसमोर अभिवाचन करण्याची प्रथा त्यांच्या हयातीतच सुरू झाली. ‘मोगरा फुलला’ ही ज्ञानेश्वरांवरील कादंबरी त्यात अग्रभागी होती. रंगभूषा नाही, देखावा नाही, संगीताचा गजर नाही. हातात पुस्तक आणि समोर माणसे. लेक, जावई, पुढे नात आणि नातजावई रुचिर कुलकर्णी अशी एकाच घरातील माणसे गावोगाव जाऊन पुस्तक वाचून दाखवत राहिली. यात नवे काहीच नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. चातुर्मासात पोथी लावण्याची प्रथा आपल्या घरांत होतीच. आजोबांनी वाचायचे, बायकांनी वाती वळत ऐकायचे, मुलांनी मधेच पेंगायचे. ती प्रथा आपण दूरदर्शन संच आला त्या वर्षी बंद केली. अप्पांच्या कुटुंबाने ती चालू ठेवली, केवळ पोथीच्या जागी कादंबरी आली.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. थोर माणसाच्या घरी जन्मल्यावर हे सारे आपोआप येते, असे आपण समजतो. तसे असते तर महाराष्ट्रातील कितीतरी थोरांच्या घरांतून त्यांची पुस्तके रद्दीत गेली नसती. वडिलांचे वेड मुलांच्या माथी मारले तर मुले त्यापासून दूर पळतात, हाच सार्वत्रिक अनुभव आहे. कार्यकर्त्यांच्या घरांतही तो येतो. वडील चाळीस वर्षे शाखेत, आणि मुलगा संघस्थानाकडे फिरकत नाही. घरी फक्त वडिलांचा थकवा आला आणि त्यांचा आनंद बाहेरच राहिला, तर असे होणारच. अप्पांचे गडावरून परतणे कसे असेल याची कल्पना करावी. पायांना माती, पिशवीत रानातला एखादा दगड, आणि रात्री जेवताना वाटेतल्या धनगराची गोष्ट. ऐकणाऱ्या मुलाला पुढच्या खेपेला आपणही जावे असे वाटेल, की आपण यातून सुटलो असे वाटेल? त्या घरातील तीन पिढ्यांनी त्याचे उत्तर दिले आहे.

१ जून १९९८ रोजी पुण्यात अप्पांनी देह ठेवला. त्यानंतरही अभिवाचने थांबली नाहीत. त्यांच्या नावाने एकत्र आलेल्या दुर्गप्रेमी मंडळींनी गडांच्या सान्निध्यात दुर्गसाहित्य संमेलने भरवली. २०१६ मध्ये जन्मशताब्दी झाली. डॉ. विजय देव गेले, आणि २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात वीणाताईही गेल्या. त्यानंतरच्या वर्षी, ११ जुलै २०२५ रोजी, मराठ्यांच्या बारा दुर्गांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. अप्पांचा राजगड त्यात आहे, रायगड आहे, तळेगावचा शेजारी लोहगडही आहे. जगाने हे मान्य करण्यापूर्वी साठ-सत्तर वर्षे एक माणूस हेच सांगत या वाटांवरून एकटा चालत होता. वीणाताई आणखी एक पावसाळा थांबत्या तर त्यांनाही ही वार्ता कळली असती.

शेवटी एक सूचना. येत्या रविवारी या मेळाव्यातील कुटुंबे लोहगडावर जाणार आहेत. पुण्याहून सकाळच्या पहिल्या लोकलने निघून मळवलीला उतरावयाचे आहे, तेथून पुढे पायी. आजीआजोबांनीही यावे, त्यांच्यासाठी पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत वाहनाची व्यवस्था आहे. पावसाचे दिवस आहेत, पायऱ्यांवर शेवाळ असते, तेव्हा मुलांना चांगली पकड असलेले बूट घालावेत. विंचूकाट्याच्या टोकाकडे धुके असल्यास कोणीही जाऊ नये. शिदोरी प्रत्येकाने घरून आणावी आणि कागद, पिशव्या परत आणाव्यात. दुपारी गडावर ‘दुर्गभ्रमणगाथा’ मधील लोहगडाचा भाग वाचला जाईल, ज्यांच्या घरी पुस्तक असेल त्यांनी ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून सोबत घ्यावे. जाताना गाडी तळेगाव दाभाडे स्थानकावर थांबते. त्या वेळी मुलांना खिडकीशी बसवावे.